लाल संपला!

"पाढे तोंडपाठ आहेत हो, पण शाब्दिक उदाहरण आलं की रडायलाच लागतो. याला गणित जमणारच नाही का?" तिसरी-चौथीतल्या मुलांचे पालक सतत हीच काळजी घेऊन माझ्याकडे येतात.

असाच एक मुलगा, आठ वर्षांचा. तीन शर्ट, दोन पँट, तर कपडे किती प्रकारे घालता येतील, हे गणित अडलेलं. आईनं 'तीन दुणे सहा' घोकून घेतलं होतं. शाळेत चार शर्ट आणि तीन पँट आल्या, तेव्हा त्यानं बेरीज करून सात लिहिले.

मी रंगीत कागदाचे शर्ट-पँट कापून पुढ्यात ठेवले. जुळेल ती जोडी वहीत रंगवायची. त्यानं हाताला येईल तशा जोड्या लावल्या. एक दोनदा आली, एक राहूनच गेली. "अरे, पिवळ्यावर खाकी..." आई सरसावल्या. मी त्यांना खुणेनं थांबवलं. त्याला फक्त विचारत राहिले, "सगळ्या झाल्या? कशावरून?"

पुढच्या एका भेटीत त्यानं लाल शर्ट डाव्या हातानं दाबून धरला. काळी पँट लावली, रंगवली. खाकी लावली, रंगवली. मग शर्ट बाजूला सारत म्हणाला, "लाल संपला!"

या दोन शब्दांसाठीच मी थांबले होते. सहा हे उत्तर त्याला आधीही पाठ होतं. सातवी जोडी का असूच शकत नाही, हे आता कळलं. रडू आकड्यांचं नव्हतंच. सुरुवात कुठून करायची आणि थांबायचं कधी, हे कुणी त्याला शोधू दिलं नव्हतं.

अशी पद्धतशीर जुळणी बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी अकरा-बारा वर्षांपुढची मानली. पण ऑस्ट्रेलियातल्या गणितशिक्षणाच्या संशोधक लिन इंग्लिश यांच्या 1991 सालच्या अभ्यासात 4 ते 9 वर्षांची मुलं खेळण्यातल्या अस्वलांना कपडे चढवत होती, आणि त्यांतल्या मोठ्या मुलांपैकी बऱ्याच जणांना ही युक्ती आपली आपण सापडली. माझ्या खोलीतही मी हेच पाहत आले आहे.

घरी डब्यापासून सुरुवात करा: पोळी किंवा भाकरी, आणि तीन भाज्यांपैकी एक. मग कॅरम खेळणारे चार मित्र घ्या. दोघादोघांच्या जोड्या किती? मूल बारा लिहील. खोडू नका, नावं मोठ्यानं वाचायला सांगा. 'मी-तू' आणि 'तू-मी' एकच, हे त्याच्याच लक्षात येईल आणि सहा उरतील. डब्याच्या जोड्या लावताना गुणाकाराचं नाव मात्र मूल स्वतःहून "दोन, दोन आणि दोन" म्हणेपर्यंत काढू नका.