कॉलमचा दोष नाही, मिश्रणाचा आहे

प्रश्न : रबाळे एमआयडीसीतल्या युनिटमध्ये आम्ही वापरलेलं इथेनॉल डिस्टिल करून परत घेतो. रिफ्लक्स (वाफ थंड करून कॉलममध्ये, म्हणजे डिस्टिलेशनच्या उभ्या नळकांड्यात, परत सोडलेला द्रव) कितीही वाढवला तरी ९५-९६ टक्क्यांवर अडतं. पॅकिंग (कॉलममधलं भरण) बदलावं का?

उत्तर : पॅकिंगवर पैसे घालवू नका. वजनाने सुमारे ९५.६ टक्के इथेनॉल असलेलं मिश्रण वातावरणाच्या दाबाला ७८.२ अंशांवर उकळतं आणि त्याच्या वाफेतही इथेनॉल तेवढंच असतं. उकळबिंदूच्या आलेखात द्रवाची आणि वाफेची रेषा तिथे एकमेकींना टेकतात. वाफ द्रवासारखीच असेल, तर कॉलम वेगळं करणार तरी काय? उरलेलं पाणी ३ए मॉलिक्युलर सीव्हने (अतिसूक्ष्म छिद्रांचे, पाणी शोषणारे दाणे) काढा. तिच्या छिद्रांत पाण्याचा रेणू शिरतो, इथेनॉलचा नाही. थोडी मोठी छिद्रं असलेली ४ए स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, ती इथेनॉलही धरते. १०० किलो मालात ४.४ किलो पाणी असतं. सीव्ह स्वतःच्या वजनाच्या दहा टक्के पाणी ओढेल असं धरलं, तर ४५ किलोच्या आसपास लागेल. वापरलेली सीव्ह पुन्हा वापरता यावी म्हणून सुकवायला थेट भट्टीत टाकणं मात्र जिवावर बेतू शकतं, कारण तिला चिकटलेल्या अल्कोहोलची वाफ पेट घेते. आधी नायट्रोजन सोडून किंवा व्हॅक्यूमखाली अल्कोहोल घालवा, मगच २५० अंशांच्या आसपास तापवा.

प्रश्न : घोडबंदर रोडला राहतो. थंडीत खोबरेल गोठतं. बाटली अर्धी वितळली की वरचं तेल वापरलं तर चालेल ना?

उत्तर : केसांना चालेल. साबणासाठी किंवा तपासणीसाठी हवं असेल तर नाही. खोबरेल म्हणजे अनेक मेदांचं मिश्रण. ते २४ अंशांच्या आसपास वितळतं, पण सगळं एकदम नाही; वरचं पातळ आणि खालचं पांढरं यांतलं मेदांचं प्रमाण वेगळं असतं. बाटली कोमट पाण्यात ठेवून पूर्ण वितळवा आणि हलवून मगच ओता.

प्रश्न : ऐरोलीत छोटी खानावळ आहे. गॅसच्या रेग्युलेटरवरचा काटा शेवटपर्यंत हिरव्यातच राहतो. बिघडला असेल का?

उत्तर : काटा ठीक आहे. टाकीत द्रव शिल्लक असेपर्यंत दाब मुख्यतः तापमानावर ठरतो, गॅस किती उरला यावर नाही. प्रोपेन आधी उडून जातो, म्हणून दाब हळूहळू थोडा उतरतो, इतकंच. टाकी वजनकाट्यावर ठेवा आणि तिच्यावर लिहिलेलं रिकाम्या टाकीचं वजन वजा करा. वजनकाटा नसेल तर टाकीवरून ओलं फडकं फिरवा : द्रव असलेला भाग उशिरा वाळतो.