तेजाब, टंच आणि घरची गलाई

आईची 22 कॅरेटची तुटकी बांगडी आहे, 10 ग्रॅमची. सराफ घट, म्हणजे वजनातली कपात, फार धरतो. नायट्रिक ॲसिड आणून घरीच 24 कॅरेट केलं तर?

तुमच्या बांगडीत सोनं आहे 9.16 ग्रॅम. शुद्ध केलंत तरी तेवढंच राहणार. धुताना, ओतताना थोडं जाईल ते वेगळंच. गलाईत, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करताना, भेसळ निघते, सोनं वाढत नाही, आणि निम्मे लोक इथंच चुकतात.

शिवाय बांगडी नुसती नायट्रिकमध्ये टाकली, तर वरून काळवंडेल, आत जशीच्या तशी राहील. सोनं इतकं जास्त असलं की आतल्या तांब्या-चांदीपर्यंत तेजाब, म्हणजे हेच नायट्रिक, पोचतच नाही. म्हणून गलाईवाले आधी चांदी मिसळून सोन्याचं प्रमाण चौथाईवर आणतात. तुमच्या बांगडीसाठी जवळपास 27 ग्रॅम चांदी लागेल! मग तेजाब आतवर शिरतं, चांदी-तांबं विरघळतं आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, फसलो. पण तेच सोनं. ती वितळवून लगड, म्हणजे एकसंध तुकडा, करायची तर 1064 अंश सेल्सिअसच्या पुढं तापवायला हवं, आणि ते घरच्या शेगडीचं काम नाही.

भांडण घटीचं असेल तर सराफाकडं जाण्याआधी हॉलमार्किंग केंद्रात टंच, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेचं माप, काढून घ्या. एक्स-रे मशीन वरचा पातळ थरच वाचतं, त्यामुळं डाकाच्या (सांधलेल्या) किंवा मुलाम्याच्या जागी ते चकतं. दागिना मोडायचाच असेल तर वितळवून काढलेला टंच जास्त भरवशाचा.

गच्चीवर प्रयोग करताना तांबूस धूर निघाला. थोडा ठसका लागला, आता बरं आहे. काळजी करावी का?

हो. आजच्या आज डॉक्टरकडं जा आणि नायट्रिकचा धूर घेतला असं स्पष्ट सांगा. तो नायट्रोजन डायऑक्साइड. सुरुवातीला नुसता ठसका लागतो, माणूस जेवून झोपतो आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू लागतं. ओला रुमाल नाकाला बांधून तो अडत नाही. मोकळी गच्ची म्हणजे धुराडं नव्हे, हेही लक्षात ठेवा.

जुने मोबाइल साठवलेत. आम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या मिश्रणात) बोर्ड टाकून सोनं निघतं, असा व्हिडिओ पाहिला.

निघतं, एका फोनमागं साधारण 0.03 ग्रॅम. म्हणजे ग्रॅमभरासाठी तीसेक फोन, तेही काही न सांडता. बोर्डात तांबं भरपूर, त्यामुळं बहुतेक ॲसिड तेच खातं. तांबं शिल्लक असेल, तर विरघळलेलं सोनं पुन्हा त्याच्यावरच जाऊन बसतं. मागं राहिलेलं हिरवं, शिसंमिश्रित पाणी कुठं ओतणार? फोन नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या.

आजीचं जरीचं लुगडं जाळून सोनं काढून देतो, असं दारावर आलेला एकजण म्हणतो.

खरी जर म्हणजे चांदीची तार आणि वर सोन्याचा झिरझिरीत मुलामा. वजन सगळं चांदीचं. एक धागा सुटा करून ब्लेडनं खरवडा: आत पांढरं दिसलं तर चांदी, लालसर दिसलं तर तांबं. पांढरं निघालं तर जाळणी तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या आणि राख स्वतः तोलून गलाईवाल्याकडं न्या. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागातली गलाई करणारी माणसं देशभर पसरली आहेत. तुमच्या सराफकट्ट्यातही एखादा भेटेल.

मी असतो तर लुगडं जाळलं नसतं. काठ काढून नव्या साडीला लावता येतात.