टीडीएस मीटरवर गढूळ पाणी चांगलं का दिसतं? सस्पेंडेड सॉलिड्स घरी मोजता येतात का?

तुमच्या टीडीएस (विरघळलेले घन पदार्थ) मीटरवर इंदूरचं नर्मदेचं नळाचं पाणी २१० दाखवतंय, बोरिंगचं ८६०, आणि तरी गढूळ आहे ते नळाचं. मग खोटं कोण, असं तुम्ही विचारलंय. कोणीच नाही. मीटर गढूळपणा बघतच नाही. पाण्यातून वीज किती वाहते एवढंच ते मोजतं, त्याला ०.५ ते ०.७ मधल्या एखाद्या ठरीव आकड्याने गुणतं आणि पीपीएम (ढोबळमानाने लिटरला मिलिग्रॅम) म्हणून दाखवतं. वीज वाहते ती विरघळलेल्या क्षारांमुळे. पाण्यात तरंगणाऱ्या मातीच्या कणांचा, म्हणजे सस्पेंडेड सॉलिड्सचा, त्यात जवळपास काहीच वाटा नसतो.

हेच मी आमच्या साडूंना वर्षानुवर्षं सांगतोय. साडू इंदूरच्याच सुदामानगरात राहतात, बँकेतून रिटायर झालेत, आणि टीडीएसचं मीटर पेनासारखं शर्टाच्या खिशात लावून हिंडतात. लग्नाच्या पंगतीतसुद्धा पाण्याच्या जगमध्ये बुडवून बघतात. याची सुरुवात आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारं मशीन, विकणाऱ्या एका एजंटने केली. मी योगायोगाने तिथेच बसलो होतो. त्याने दोन ग्लास मांडले, एकात नर्मदेचं पाणी, दुसऱ्यात मशीनचं. दोन्हींत सळया सोडून बटण दाबलं. नर्मदेच्या ग्लासात मिनिटाभरात तपकिरी-काळा गाळ. मेहुणी तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "अगं बाई, हे पितोय आपण?"

मी स्वयंपाकघरातून मीठ आणलं आणि एजंटच्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर टाकून म्हटलं, आता दाबा बटण. तो दाबेना. मीच दाबलं. तोही ग्लास तसाच घाण झाला. कारण तो गाळ पाण्यातला नसतोच, सळईचं लोखंड सुटून त्याचा गंज होतो. क्षार नसले तर वीज वाहत नाही, म्हणून आरओचं पाणी नितळ राहतं. मग मशीनच्याच पाण्याच्या नव्या ग्लासात दोन चमचे साखर ढवळून मीटर धरलं. आकडा जागचा हलला नाही. साखरेचं सरबत मीटरच्या मते शुद्ध पाणी!

साडूंनी आरओ घेतलाच. वर मला ऐकवलं, "तुम्हा लॅबवाल्यांना बाजार कळत नाही."

पुढे एका पावसाळ्यात त्यांच्या गल्लीत रस्ता खोदला आणि नळाला चहासारखं पाणी आलं. साडूंचा फोन: "मीटरवर १८० आहे, उन्हाळ्यापेक्षा कमी! पाणी सुधारलं." मी बाटली भरून मागवली. कॉलेजच्या लॅबमध्ये अख्खी नोकरी मी हेच करत होतो. काचतंतूंचा फिल्टर पेपर आधी ओव्हनमध्ये वाळवून, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून तोलायचा. गरम पेपर तराजूवर ठेवला की वजन डळमळतं, पोरं नेमकी इथेच घाई करतात. मग अर्धा लिटर पाणी त्यातून ओढायचं, पेपर पुन्हा १०३ ते १०५ अंशांवर वाळवायचा, पुन्हा तोलायचा, आणि वजन स्थिर होईपर्यंत हेच. पेपर २४ मिलिग्रॅमने वाढला, म्हणजे लिटरला ४८ मिलिग्रॅम सस्पेंडेड सॉलिड्स. खाली गाळून आलेलं पाणी बशीत आटवून १८० अंशांवर वाळवलं, ते झाले डिझॉल्व्ड, म्हणजे विरघळलेले. १९० भरले. म्हणजे मीटर बरोबरच होतं, त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा होता. निकालाचा कागद साडूंना नेऊन दिला. त्यांनी चष्मा न लावताच बाजूला ठेवला.

तर घरी सस्पेंडेड मोजता येतं का? नाही. मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा तराजू आणि ओव्हन असेल तर येतं. फोनवरची ॲप्स विसरा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात सस्पेंडेडचा आकडा शोधू नका, तिथे गढूळपणा बघतात: १ एनटीयू (गढूळपणाचं एकक), दुसरी सोय नसेल तर ५ पर्यंत. सस्पेंडेडची मर्यादा सांडपाण्याला असते, नदीत सोडायचं तर सर्वसाधारण नियमाने लिटरला १०० मिलिग्रॅम. इंदूरच्या कान्ह नदीत सोडलेल्या सांडपाण्यासाठी तो आकडा विचारा, तुमच्या माठासाठी नव्हे.

तुमच्या नळाचं म्हणाल तर गढूळपणा अचानक आला असेल तर मातीपेक्षा फुटलेल्या पाइपाची काळजी करा. ड्रेनेजची लाइन शेजारूनच गेलेली असते, आणि कणांच्या आड जंतू लपले की क्लोरीन त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. क्लोरीनचं साधं किट आणा. नळाशी लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी आलं तर नगर निगममध्ये (महापालिकेत) तक्रार करा आणि तोवर तुरटी फिरवून, निथळून, उकळून प्या. नुसती तुरटी पुरत नाही.

आणि हो, बोरिंगचं ८६० हेही वजनाने मोजलं तर थोडं वेगळं येईल. आपल्याकडच्या बोरिंगात बायकार्बोनेट भरपूर, ते १८० अंशांवर वायू सोडून हलकं होतं. मानक म्हणतं ५०० पर्यंत उत्तम, पर्याय नसेल तर २००० पर्यंत चालेल. म्हणजे फक्त बोरिंगवर राहणाऱ्याने आरओ घेतला तर मी त्याला हसणार नाही, चव आणि खारटपणा दोन्ही सुधारतात. पण ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओ नको, असं हरित न्यायाधिकरणानेच २०१९ मध्ये म्हटलंय. साडूंकडे बोरिंग नाहीच, घरात नुसती नर्मदा आहे.