वाचकांचे प्रश्न : माया नगरे आणि त्यांच्या शेजारचे डोह

गेल्या अंकात मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पाविषयी लेख प्रसिद्ध झाल्यानंतर नागपूर आणि परिसरातील वाचकांची अनेक पत्रे आली. प्राचीन माया नगरांचे अवशेष आणि ‘सेनोटे’ या नावाने ओळखले जाणारे गोड्या पाण्याचे नैसर्गिक डोह एकाच दिवसाच्या सहलीत पाहता येतात, असा उल्लेख त्या लेखात होता आणि बहुतेक प्रश्न त्यासंबंधीच आहेत. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमचा मुलगा ह्युस्टनला असतो. डिसेंबरमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार असून तेथून सर्वांनी मिळून चार दिवस कानकूनला जाण्याचा बेत आहे. तेथील सहल कंपन्यांच्या पत्रकात चिचेन इत्झा, सेनोटेमधील स्नान, दुपारचे जेवण आणि वायादोलिद शहर असे सारे एका दिवसात दाखवलेले दिसते. माझे वय ६८ असून गुडघे दुखतात. ही सहल झेपेल का?
– एक निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर

उत्तर : झेपेल, परंतु पत्रकात छापली आहे त्या स्वरूपात ती घेऊ नये, असे आम्ही सुचवू. कानकूनहून चिचेन इत्झा सुमारे २०० किलोमीटर दूर असल्यामुळे जायला अडीच तास आणि यायला अडीच तास धरावेच लागतात. शिवाय बस निघण्यापूर्वी हॉटेलाहॉटेलांतून प्रवासी गोळा करण्यात जो वेळ जातो, तो पत्रकात कोठेच लिहिलेला नसतो. परिणामी बहुतेक गाड्या भर उन्हाच्या वेळी, एकाच सुमारास अवशेषांपाशी पोहोचतात आणि मधल्या मोकळ्या पटांगणात सावलीचे नाव नसताना शेकडो लोक एकाच पिरॅमिडकडे माना वर करून उभे राहतात. स्थळ सकाळी ८ वाजता उघडते, ही गोष्ट मात्र त्या गाडीतील कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

म्हणून चार दिवसांपैकी एक रात्र वायादोलिदला काढावी. तेथून चिचेन इत्झा पाऊण तासाच्या अंतरावर आहे. दार उघडताच आत गेल्यास पहिले दोन तास पुष्कळ निवांत मिळतात, आणि त्यानंतर दुपारच्या सुमारास डोहाकडे जावे. हा क्रम केवळ सोयीचा नाही. जवळचाच ‘इक किल’ हा डोह जमिनीच्या पातळीपासून सुमारे २६ मीटर खाली असून वरच्या गोलाकार तोंडातून ऊन थेट पाण्यावर पडते ते सूर्य माथ्यावर असतानाच. काठावरच्या झाडांची मुळे आणि वेली त्या पोकळीतून दोरखंडासारख्या लोंबत पाण्यापर्यंत आलेल्या दिसतात, त्यांच्या टोकांवरून थेंब गळत असतात आणि खालच्या निळसर पाण्यात लहान काळे मासे पोहणाऱ्यांच्या पायांजवळून निर्धास्तपणे फिरतात. सकाळी लवकर गेल्यास हा भाग छायेत असतो आणि उशिरा गेल्यास बसगाड्यांची गर्दी तेथे लोटलेली असते.

आपल्या गुडघ्यांविषयी सांगायचे तर चिचेन इत्झा येथे फारशी अडचण येऊ नये, कारण मुख्य पिरॅमिडवर चढण्यास अनेक वर्षांपासून मनाई आहे आणि बाकीची जमीन बव्हंशी सपाट आहे. चालणे मात्र बरेच आहे. माया लोक चेंडूचा विधीपूर्वक खेळ खेळत, ते नुसते मैदानच सुमारे १६८ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद आहे. तेथे घाई करू नये. दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींवर बसवलेल्या दगडी कड्या पाहून झाल्यावर भिंतीच्या पायथ्याचे कोरीवकाम अवश्य पाहावे. त्यात एका खेळाडूचे शिर धडावेगळे झालेले असून मानेतून उडणाऱ्या रक्ताच्या धारांचे साप झालेले आहेत. घाईत असलेला मार्गदर्शक हे दाखवायचे विसरतो, टाळी वाजवून पिरॅमिडकडून येणारा पक्ष्याच्या किलबिलीसारखा प्रतिध्वनी ऐकवण्यास मात्र कधीच विसरत नाही. इक किलच्या पायऱ्या ओलसर आणि संख्येने बऱ्याच असल्यामुळे तेथे आपण वरच्या कठड्यापाशी थांबून डोह पाहिला तरी चालेल. वरून दिसणारे दृश्य खालच्यापेक्षा उणे नाही.

मुक्काम शक्य नसेल आणि कानकूनहूनच जावे लागणार असेल, तर सहल ठरवण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. चिचेन इत्झाचे प्रवेशशुल्क दोन ठिकाणी भरावे लागते, एक मेक्सिकोच्या केंद्रीय पुरातत्त्व संस्थेचे आणि दुसरे युकातान राज्याचे. स्वस्त वाटणाऱ्या सहलींत हे शुल्क अनेकदा धरलेले नसते आणि ते बसमध्ये बसल्यावर ‘कर’ म्हणून रोखीने मागितले जाते. अवशेषांपाशी प्रत्यक्ष किती वेळ मिळणार, हस्तकलेच्या दुकानांत किती वेळा थांबवणार आणि कोणत्या डोहावर नेणार, हेही विचारावे. पत्रकात नुसते ‘सेनोटे’ लिहून डोहाचे नाव दिलेले नसेल, तर त्या दिवशी जो सोयीचा पडेल तो दाखवला जाईल असे समजावे. अशा सहलीतून तिसरे ठिकाण वगळले तरी काही बिघडत नाही. वायादोलिदला मिळणारा अर्धा तास चर्चसमोरच्या चौकात आइसक्रीम खाण्यातच संपतो.

आणखी एक बारीक गोष्ट. कानकून किंताना रो राज्यात आहे, चिचेन इत्झा युकातान राज्यात, आणि युकातानचे घड्याळ वर्षभर एक तास मागे असते. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, मनगटावरचे घड्याळ बदलत नाही. गाडीवर परत यायची वेळ कोणत्या घड्याळाप्रमाणे, हे चालकाला विचारून ठेवावे.

प्रश्न : सेनोटे हे उल्कापातामुळे तयार झाले, असे वाचले. म्हणजे ती लोणारचीच भावंडे म्हणायची का?
– भूशास्त्राचा एक विद्यार्थी, महाल

उत्तर : नाते आहे, परंतु ते दूरचे आहे. लोणारला आपण प्रत्यक्ष आघाताने पडलेला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डाच पाहतो. युकातानात सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या आघाताचे चिक्शुलुब विवर जवळपास १८० किलोमीटर व्यासाचे असून ते अर्धे समुद्राखाली आणि अर्धे नंतर साचलेल्या चुनखडीखाली गाडले गेले आहे. जमिनीवर उभे राहून ते दिसतच नाही. तेलाच्या शोधासाठी झालेल्या भूभौतिक सर्वेक्षणात त्याचा सुगावा लागला आणि पुढे उपग्रहचित्रांच्या अभ्यासात असे आढळले, की सेनोटेंची एक मोठी अर्धवर्तुळाकार माळ या गाडलेल्या विवराच्या कडेवरून जाते. कडेच्या भागातील खडक भेगाळलेला असल्यामुळे भूजल तेथून वाहत राहिले आणि वरची चुनखडी तेथे अधिक झिजली, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

तेव्हा उल्केने सेनोटे खणले नाहीत. पाण्याने खणले आणि माळेपुरती जागा उल्केने ठरवून दिली. माळेबाहेरही सेनोटे हजारोंनी आहेत. चिचेन इत्झा, वायादोलिद आणि तुलुम यांच्या आसपासचे डोह माळेबाहेरचेच होत, त्यामुळे एखादा मार्गदर्शक इक किलच्या काठावर उभा राहून ‘हे उल्केचे विवर’ असे सांगू लागला तर विश्वास ठेवू नये. माळेवरचे डोह पाहायचे असतील, तर मेरिदा शहराच्या आग्नेयेस होमून आणि कुसामा या गावांच्या परिसरात जावे लागते.

पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होते, ते चुनखडीत मुरते आणि खडक विरघळवत गुहा तयार करते. हिमयुगात समुद्राची पातळी १०० मीटरहून अधिक खाली गेली होती, तेव्हा या गुहा कोरड्या होत्या आणि त्यांच्या छतांवर लवणस्तंभ लोंबू लागले. पुढे समुद्र वर आला, गुहा बुडाल्या आणि जेथे छत कोसळले तेथे डोह उघडा पडला. तुलुमजवळच्या साक आक्तुन या पाण्याखालच्या गुहाजाळ्याची मोजलेली लांबी २०१८ साली ३४७ किलोमीटरवर पोहोचली होती. त्याच जाळ्यातील ‘ओयो नेग्रो’ या खोल कुंडात सुमारे १२ ते १३ हजार वर्षांपूर्वीच्या एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा मिळाला आहे. गुहा कोरडी असताना ती आत शिरली असावी. आपल्याकडचा काळा पाषाण असा विरघळत नाही, म्हणून विदर्भाच्या पठारावर आपणांस विहिरी आणि बावड्या खणाव्या लागल्या.

आपण भूशास्त्राचे विद्यार्थी आहात, म्हणून एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो. सीताबर्डीची टेकडी ज्या लाव्हाची आहे, त्या दख्खनच्या ज्वालामुखींचा काळ आणि चिक्शुलुबच्या आघाताचा काळ एकमेकांलगतचा आहे. डायनोसॉरांच्या नाशाला आघात किती जबाबदार आणि आपला दख्खन किती, हा वाद अभ्यासकांत अजून चालू आहे. त्या काळाच्या शेवटाकडील डायनोसॉरांचे जीवाश्म पाहायला आपणांस मेक्सिकोला जाण्याची गरज नाही. ते वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यात सापडले आहेत.

प्रश्न : ज्या डोहांत माया लोक माणसांचे बळी देत, त्याच डोहांत पर्यटकांनी पोहायचे, हे मनाला पटत नाही. आपले मत काय?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ज्या डोहाविषयी आपण वाचले असेल, तो चिचेन इत्झाच्या आतील ‘पवित्र सेनोटे’ होय, आणि त्यात कोणालाही उतरू दिले जात नाही. सुमारे ६० मीटर व्यासाचे ते तोंड, सरळ तुटलेले कडे आणि खाली शेवाळी हिरवे पाणी, इतकेच आपण काठावरून पाहतो. अमेरिकेचे तेथील वाणिज्यदूत एडवर्ड थॉम्पसन यांनी १९०४ पासून काही वर्षे या डोहाचा तळ उपसला. त्यातून सोने, जेड, कोपाल नावाच्या धूपाचे गोळे आणि स्त्री-पुरुष व मुलांची हाडे निघाली. यातील बराच ऐवज अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयात गेला आणि पुढे त्याचा काही भाग मेक्सिकोला परत मिळाला. या डोहाजवळच्याच एका भूमिगत टाक्यात १९६७ साली सापडलेल्या बालकांच्या अस्थींपैकी ६४ जणांचा डीएनए अलीकडे तपासला गेला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ते सर्व मुलगे होते, त्यांत जवळचे नातलग होते आणि एकरूप जुळ्यांच्या दोन जोड्याही होत्या.

आपला संकोच आम्हांला समजतो. परंतु त्या भागातील बहुसंख्य डोह हे लोकांच्या रोजच्या पाण्याचे साधन होते, हेही ध्यानात घ्यावे. उत्तर युकातानात जमिनीवरून वाहणारी नदीच नाही. पाऊस पडतो तो थेट खडकात जिरतो, म्हणून जेथे डोह तेथे वस्ती, असा तेथला हिशेब होता. चिचेन इत्झा येथेच श्तोलोक नावाचा दुसरा सेनोटे आहे, आणि नगराची तहान तो भागवत असे. २०१५ साली मेक्सिकोच्या संशोधकांनी विद्युत सर्वेक्षण करून मुख्य पिरॅमिडच्या पोटाखालीही पाण्याचा साठा असावा, असे अनुमान काढले. याउलट मेरिदाच्या दक्षिणेस असलेल्या उश्मल या देखण्या नगरापाशी सेनोटे नाहीत. तेथे पावसाचे पाणी जमिनीखालच्या टाक्यांत साठवावे लागे, आणि तेथल्या इमारतींच्या भिंतींवर पर्जन्यदेव चाक याचे लांब नाकाचे मुखवटे ओळीने बसवलेले आहेत. पाण्याची विवंचना किती होती, ते या मुखवट्यांच्या दाटीवरून कळते. आमच्या मते अवशेष आणि डोह एका दिवशी पाहण्याचे खरे प्रयोजन हेच आहे. ‘आधी इतिहास, मग मौज’ अशी वाटणी सहल कंपन्या करतात, तशी ती माया लोकांच्या जगण्यात नव्हती. त्यामुळे पोहायचे नसेल तरी एखाद्या डोहाच्या काठावर अवश्य जावे.

प्रश्न : मला पोहता येत नाही. तरीही पाण्यात उतरता येईल का? पंजाबी ड्रेस चालतो का?
– एक गृहिणी, मानेवाडा

उत्तर : उतरता येईल. सहलींत दाखवल्या जाणाऱ्या डोहांवर लाइफ जॅकेट मिळते, अनेक ठिकाणी ते सक्तीचे असते आणि पाण्यावर आधारासाठी दोर बांधलेले असतात. मात्र हे डोह काठापासूनच खोल असतात. तलावासारखा हळूहळू उतरत जाणारा काठ तेथे नसतो, तेव्हा पायाला जमीन लागेल या भरवशावर राहू नये. जॅकेटचे पट्टे आवळून घ्यावेत आणि दोर सोडू नये. पाणी साधारण २४-२५ अंशांचे असते. नागपूरच्या मे महिन्यात त्याचे स्वप्न पडावे, डिसेंबरात मात्र पहिल्या क्षणी अंगावर काटा येतो. सैल कुर्ता आणि ओढणी पाण्यात जड होऊन अंगाला गुंडाळतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा घट्ट नायलॉनचा शर्ट आणि तशीच विजार न्यावी. त्याचा दुसराही फायदा आहे. डोहात उतरण्यापूर्वी शॉवर घ्यायला लावतात आणि अंगाला सनस्क्रीन, तेल किंवा अत्तर लावलेले चालत नाही, तेव्हा उन्हापासून बचाव कपड्यांनीच करावा लागतो.

प्रश्न : अमेरिकेचा व्हिसा असल्यास मेक्सिकोचा वेगळा काढावा लागतो का? आणि शाकाहारी माणसाने तेथे काय खावे?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : अमेरिकेचा वैध व्हिसा पासपोर्टवर असलेल्या भारतीय पर्यटकास मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, तरी तिकिटे काढण्यापूर्वी वकिलातीच्या संकेतस्थळावर नियम पुन्हा तपासावेत. येथे घोटाळा होतो तो अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलांचा. आईवडिलांचा व्हिसा नवा कोरा असतो, आणि मुलाच्या कामाच्या परवान्याची मुदत वाढलेली असली तरी पासपोर्टवरील व्हिसा मात्र संपलेला असतो. त्याच्याकडे ग्रीन कार्ड नसेल, तर हे आधी पाहावे.

खाण्याच्या बाबतीत मक्याची पोळी, भात, काळे घेवडे, अव्होकाडो आणि फळे यांवर दिवस निभावतो. भाजलेल्या भोपळ्याच्या बियांची आणि टोमॅटोची ‘सिकिल पाक’ ही चटणी तर आपल्या घरचीच वाटेल. घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, तेव्हा ‘सिन मान्तेका’ असे सांगावे. नुसते ‘सिन कार्ने’ म्हटल्यास मांस वगळून कोंबडी वाढली जाण्याचा संभव असतो.

प्रश्न : पिरॅमिडवरून सर्प उतरताना दिसतो तो दिवस साधावा का?
– एक छायाचित्रकार, रामटेक

उत्तर : मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारास, दुपार कलल्यावर, पिरॅमिडच्या कोपऱ्याच्या पायऱ्यापायऱ्यांची सावली उत्तरेकडील जिन्याच्या कठड्यावर पडते आणि प्रकाशाचे त्रिकोण ओळीने उमटत पायथ्याच्या दगडी सर्पमुखाला मिळतात. चारही बाजूंच्या प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वरचा चौथरा मिळून ३६५ हा आकडा भरतो, त्यामुळे बांधणाऱ्यांनी पंचांग डोळ्यांपुढे ठेवले होते याविषयी फारशी शंका राहत नाही. परंतु नेमक्या त्या दिवशी गर्दी अफाट असते आणि आकाशात ढग आल्यास काहीच दिसत नाही. हा खेळ आगेमागे काही दिवस थोड्याफार फरकाने दिसतोच, म्हणून मार्चमध्ये विषुवदिनाच्या दोन-तीन दिवस आधी किंवा नंतर जावे. रविवार मात्र टाळावा, कारण त्या दिवशी मेक्सिकोच्या नागरिकांना प्रवेश मोफत असतो. सप्टेंबर हा पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ आहे. ड्रोन नेऊ नये आणि तिपाईसाठी आगाऊ परवानगी घ्यावी. त्या दिवसापुरता आम्ही सांगितलेला क्रम उलटा करून दुपारपूर्वी डोह आणि नंतर अवशेष असा बेत आखावा, मात्र शेवटचा प्रवेश दुपारी ४ वाजता बंद होतो, तेव्हा गर्दी धरून ३ वाजण्यापूर्वीच आत असलेले बरे.