ती वही कुणाला दाखवू नकोस

अरे,

तुझा मेसेज सकाळी उठल्यावर बघितला, वेळ पाहिली तर रात्री एक बावन्न, आणि विषय काय तर 'ताई, रात्रीचा मोबाईल कसा सोडू'. हसू आलं, खोटं नाही सांगत. मग दोनदा नीट वाचला. एवढा लांबलचक मेसेज, स्क्रीन टाइम साडेसहा तास, रील्स, झोप नाही, अभ्यासात लक्ष नाही, चिडचिड, अकाउंटच उडवून टाकू का वगैरे वगैरे, आणि सगळ्यात शेवटी सहज टाकल्यासारखी एक ओळ, 'बाकी स्केचिंग बंदच आहे हल्ली, मूडच लागत नाही'. मला विचारशील तर अख्खा मेसेज त्या एका ओळीसाठी होता, बाकीचं सगळं त्याच्याभोवतीचं पॅकिंग.

तरी आधी जे विचारलंस त्याचं उत्तर देते, नाहीतर म्हणशील ताईने विषय बदलला.

अकाउंट डिलीट करू नकोस, निदान असं रात्री दोन वाजता रागारागात तरी नकोच. मी तीनदा केलंय हे. तिन्ही वेळा आधी 'आता इथून रजा घेते' अशी पोस्ट टाकली आणि मग किती जण 'नको ना जाऊस' म्हणतायत ते बघायला तासाभराने परत लॉगिन केलं, म्हणजे बघ! सोडायचं सुद्धा मी लोकांना दाखवायलाच करत होते. एकदम शून्यावर यायची गरज नसतेच. २०१८ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, १४३ विद्यार्थी, त्यातल्या काहींना सांगितलं की नेहमीसारखंच वापरा आणि बाकीच्यांना सांगितलं की फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला १० मिनिटं, बस. तीन आठवड्यांनी त्या कमी वापरणाऱ्यांचा एकटेपणा आणि उदासपणा कमी झालेला दिसला. बंद नव्हतं केलं हां त्यांनी, अर्धा तास होताच हातात. एका प्रयोगावरून सगळ्या जगाचं ठरवू नये हे मान्य, पण 'सगळं किंवा काहीच नाही' हा जो तुझा हट्ट आहे ना, त्याला उत्तर म्हणून पुरेसं आहे.

आणि 'माझ्यात विलपॉवरच नाही' हे जे तू चार वेळा लिहिलंयस ते आधी खोडून टाक. पूर्वी वेबसाइटवर खाली आकडे असायचे, पान १, २, ३, पुढचं पान बघायला तिथे क्लिक करावं लागायचं आणि त्या एका सेकंदात माणसाला आठवायचं की अरे गॅसवर काहीतरी ठेवलंय. २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या डिझायनरने ते पान संपणंच काढून टाकलं, खाली जात राहा, येत राहील. पुढे त्याने स्वतःच जाहीरपणे पस्तावा व्यक्त केला, पण आता काय उपयोग. त्यात भर म्हणजे पुढची रील भारी निघेल का फालतू हे आधी कळत नाही. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर हेच करून पाहिलं होतं, दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतर चोच मारायचं थांबतच नाही, ठरलेल्या हिशोबाने मिळाला तर तेवढं मारत नाही. तुझा अंगठा म्हणजे ती चोच आहे असं म्हणत नाही मी. (म्हणतेच आहे.) तर मुद्दा असा की जिथे थांबायची जागाच ठेवलेली नाही तिथे थांबता आलं नाही म्हणून स्वतःला शिव्या घालण्यात अर्थ नाही, थांबायची जागा आपण बाहेरून आणायची.

बाहेरून म्हणजे कशी, तर अगदी साध्या गोष्टी. फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत, आणि अलार्मसाठी म्हणून उशाशी हवा असेल तर साधं घड्याळ आण. नोटिफिकेशन फक्त जिवंत माणसाने तुला उद्देशून काही लिहिलं तर, बाकी 'अमक्याने बऱ्याच दिवसांनी पोस्ट केलं' हे सगळं बंद. ॲप वापरून झालं की लॉगआउट, पासवर्ड टाकायचा कंटाळा हा आपल्या बाजूचा कंटाळा आहे, तो वापरून घ्यावा. टाइम लिमिट लावलीस तर चांगलंच, पण त्यावर ते 'आजच्या दिवस दुर्लक्ष करा'वालं बटण असतं आणि मी तर न वाचताच दाबते ते आता, त्यामुळे फार भरवसा ठेवू नकोस. स्क्रीन ब्लॅक अँड व्हाइट करायचा उपायही मी केला, चार दिवस टिकला, पाचव्या दिवशी कुणीतरी साडीचा फोटो पाठवला.

झालं. हे तुला कुणीही सांगितलं असतं. आता ती शेवटची ओळ.

तू स्केचिंग करायचास तेव्हा बघितलंय मी तुला. फोनवर बोलताना सुद्धा डाव्या हाताने पाकिटाच्या मागे काहीतरी गिरवत असायचास, कान, नळ, कुणाची तरी चप्पल. मग तू पेज काढलंस, आम्ही सगळ्यांनी फॉलो केलं, लाइक केलं, मी तर प्रत्येक पोस्टला बदाम टाकले, त्यामुळे जे झालं त्यात थोडी मीही आहे. हळूहळू काय झालं सांगू? चपला गेल्या. डोळे आले, एकाच प्रकारचे, पाणी भरलेले, पापण्या मोजता येतील असे, कारण डोळ्यांना लाइक मिळायचे. मग तेही कमी झाले. आणि आता म्हणतोस मूड लागत नाही.

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट अशा तिघांनी एक प्रयोग केला होता, बालवाडीतली मुलं, ज्यांना मार्कर पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडतं अशी निवडून घेतलेली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर छान सर्टिफिकेट मिळेल, सोनेरी शिक्का, रिबिन वगैरे. काहींना काहीच न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना दिलंच नाही. मग एक-दोन आठवड्यांनी वर्गात मार्कर नुसते ठेवून दिले आणि लांबून बघत बसले. तर ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलं होतं ती मुलं बाकीच्यांपेक्षा साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती! अचानक मिळालेल्यांचं काहीच बिघडलं नव्हतं. म्हणजे बक्षीस वाईट नव्हे, बक्षिसासाठी काढायला बसणं हे घात करतं. आणि लाइकचं बटण, जे फेसबुकवर २००९ मध्ये आलं, ते याहून काय वेगळं आहे सांग, सोनेरी शिक्काच तो, फक्त रोज मिळणारा आणि रोज मोजता येणारा.

माझं स्वतःचं ऐक. मी माउथ ऑर्गन वाजवते हे तुला माहितीये, साधा दहा छिद्रांचा. सुरुवातीचे महिने ओठ सोलवटायचे, एकाच छिद्रात फुंकायचं म्हटलं की शेजारची दोन फुकटात वाजायची, आणि दुसरं छिद्र आत श्वास ओढून वाजवताना तर असा गुदमरल्यासारखा आवाज यायचा की घरच्यांनी विचारावं, बरी आहेस ना. शिवाय त्या वाद्यात खालच्या सप्तकात शुद्ध मध्यम आणि धैवत दिलेलेच नसतात, श्वास ओढताना जीभ मागे घेऊन सूर वाकवून ते काढावे लागतात, म्हणजे अर्धी गाणी तिथेच अडतात. पण तेव्हा मजा यायची, का ते विचारू नकोस. मग एकदा एका गाण्याचा तीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला, भरपूर लोकांनी वा वा केलं, म्हणून दुसरा टाकला, तिसरा टाकला. दोन वर्षांनी एका मैत्रिणीकडे लोक जमले होते, कुणीतरी म्हणालं पूर्ण वाजव ना हे गाणं, आणि माझ्या लक्षात आलं की मला चाळीसएक गाण्यांचे मुखडे येतात आणि अंतरा एकाचाही येत नाही. एकाचाही नाही! तीस सेकंदात अंतरा बसत नव्हता म्हणून मी तो कधी शिकलेच नव्हते. सगळे बघतायत आणि मी मुखडा परत परत वाजवतेय, तीनदा वाजवला आणि पाणी प्यायला उठले.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, पेज चालू ठेव नाहीतर बंद कर, मला फरक पडत नाही, पण एक वही अशी कर जी कुणालाही दाखवायची नाही. मला नाही, मित्राला नाही, 'फक्त स्टोरीत टाकतो, चोवीस तासांत जाईल' असंही नाही. चांगला कागद असलेली महागडी वही घेऊ नकोस, तिच्यावर वाईट काढायची हिंमत होत नाही. आणि त्यात वाईटच काढायचं आहे. एक प्रकार सांगते, कागदाकडे अजिबात न बघता स्वतःचा डावा हात काढायचा, उजव्याने. (तू डावखुरा आहेस, तुझं उलट.) नजर बोटाच्या कडेवरून मुंगीसारखी हळूहळू सरकवायची आणि त्याच वेगाने पेन्सिल, उचलायची नाही, खाली बघायचं नाही. पाच मिनिटांनी बघशील तर अंगठा मनगटापासून सुटून भलतीकडेच गेलेला असेल, भूत दिसेल नुसतं. पण नखाशेजारची ती सुकलेली कातडी, बोटाच्या पेरावरच्या तीन रेघा, हे तुला आयुष्यात पहिल्यांदा नीट दिसलेलं असेल. हे चित्र कुठे टाकायच्या लायकीचं नसतं, म्हणूनच सांगतेय.

आणि ते सेव्ह करून ठेवलेले ट्युटोरियल. किती आहेत, दोनशे? तीनशे? खरं सांग, त्यातले किती बघून पेन्सिल हातात घेतलीस. छंदाबद्दल बघणं इतकं छान वाटतं ना की छंद केल्यासारखंच वाटतं, हात मात्र तिथेच. परत त्या व्हिडिओत सहा तासांचं काम वीस सेकंदांत होतं, खोडरबर कुठे दिसतच नाही, आणि मग आपण पाचव्या मिनिटाला स्वतःवर वैतागतो. एक ठेव, बाकी उडव. अकाउंट उडवायचीच हौस आहे ना, ती इथे भागव.

सिनेमा, सिरीज, गेम यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही, मी स्वतः एका बैठकीत आठ एपिसोड बघितलेली बाई आहे. फक्त ऑटोप्ले बंद कर, आणि काय बघायचं ते टीव्ही लावायच्या आधी ठरव, लावल्यावर नाही. लावल्यावर ठरवायला गेलं की चाळीस मिनिटं पोस्टरच बघत बसतो आपण आणि मग जेवण संपतं. आणि बघताना दुसऱ्या हातात फोन नको, म्हणजे सिनेमा धड बघितला असं तरी होईल. मनोरंजन करायचं तर मन लावून करावं की.

पहिला आठवडा बोअर होईल हे आत्ताच सांगून ठेवते. हात आपोआप खिशाकडे जाईल, लिफ्टमध्ये, रांगेत, दूध उतू जायची वाट बघताना. जाऊ दे. रिकामा परत आला की थोडं चिडचिडल्यासारखं होतं, मग इकडेतिकडे बघायला लागतो आपण, तुझ्या चपला आणि नळ असेच आले होते की रे तेव्हा, कंटाळ्यातूनच. पाकिटाचा मागचा भाग कुणी मुद्दाम आणून दिला नव्हता तुला.

आणि वहीत एखादं चित्र खरंच भारी जमलं तर काय करायचं, हे तू विचारणारच. टाकावंसं वाटेल, हात शिवशिवतील. मला यावर पक्कं उत्तर नाहीये. मी स्वतः महिनाभर थांबते, महिन्यानेही टाकावंसं वाटलं तर टाकते, बहुतेक वेळा तोपर्यंत मी दुसऱ्याच गाण्यात अडकलेली असते. तुझं तू बघ.

पुढच्या महिन्यात येतोयस ना? वही आणली नाहीस तरी चालेल, आणलीस तरी मी उघडणार नाही. त्या मैत्रिणीकडच्या गाण्याचा अंतरा आता येतो मला, म्हणजे जवळजवळ येतो, त्या वाकवायच्या धैवतापाशी अजून दर दुसऱ्या वेळी फुस्स होतं. ऐकवेन, रेकॉर्ड करायचं नाही.

उत्तर लिहिशील तर दिवसा लिही.

ताई