हर्बल कॅप्सूलमुळे लिव्हरला इजा होऊ शकते का?

तुम्ही लिहिलंय की वजन उतरवण्यासाठी दोन महिने ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल घेताय, आठवडाभर थकवा आहे, लघवी गडद होतेय, आणि वनस्पतीच्या गोळीने लिव्हर बिघडेल का, हे तुम्हाला विचारायचंय.

बिघडू शकतं. कॅप्सूल आजच बंद करा आणि उद्या सकाळी लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्या. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

मी हे भोगलंय. सुरुवातीला थकवा आला, तो मी कामाच्या ताणावर ढकलला. मग तळहात-तळपायांना खाज सुटली. अंगावर पुरळ एकही नाही, पण रात्री झोप लागू नये इतकी खाज. एका सकाळी खिडकीपाशी आरसा धरला तेव्हा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला. एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) साधारण ४०च्या आत असायला हवं, ते ११००वर गेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?" मी म्हणालो, "काहीच नाही." लपवायचं मनातही नव्हतं. ती कॅप्सूल माझ्या लेखी औषध नव्हतीच. हिपॅटायटिसच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, सोनोग्राफीत पित्तनलिका मोकळी दिसली, कारण काही सापडेना. पाचव्या दिवशी त्यांनी प्रश्न फिरवून विचारला, "पावडर, टॉनिक, ऑनलाइन मागवलेलं काही घेता का?" तेव्हा बाटली आठवली. ते पाचही दिवस मी कॅप्सूल घेतच होतो, याचं मला अजून वाईट वाटतं.

कपातला ग्रीन टी आणि कॅप्सूल यांत फरक आहे. अर्कात ईजीसीजी नावाचा घटक एकवटलेला असतो. सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी पोटात गेलं तर लिव्हरची एन्झाइम्स वाढू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८मध्ये सांगितलं. पण डोस कमी म्हणून निर्धास्त राहू नका. घेणाऱ्या बहुतेकांना काहीच होत नाही, मोजक्यांना जबर फटका बसतो. एचएलए-बी*३५:०१ हा जनुकीय प्रकार ज्यांच्यात असतो त्यांना जास्त धोका दिसतो. हळदीच्या आणि गार्सिनियाच्या (कोकमाच्या कुळातलं फळ, वजन उतरवायला घेतात) सप्लिमेंटमुळे झालेल्या इजेतही तोच सापडलाय. म्हणून "मित्राला तर काही झालं नाही" यावर जाऊ नका. हळदीच्या कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा मिरीतलं पायपरिन घालतात, त्याने हळदीतलं कर्क्युमिन रक्तात कितीतरी जास्त उतरतं. मसाल्यातल्या चिमूटभर हळदीशी त्याची तुलनाच नको. अश्वगंधेमुळे कावीळ झालेले रुग्णही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत.

लेबलवरही फार विसंबू नका. औषधांमुळे होणाऱ्या लिव्हरच्या इजेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या गटाने रुग्णांनी घेतलेली सप्लिमेंट तपासली, तेव्हा जवळपास निम्म्यांत लेबल आणि आतला माल जुळला नाही. त्याच गटाच्या नोंदींत अशा इजेमधला सप्लिमेंटचा वाटा २००४ ते २०१३ या काळात ७ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेला.

रिपोर्टमध्ये एसजीपीटी आणि बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारा पिवळा घटक) एकत्र बघा. औषधाच्या इजेत एसजीपीटी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीच्या वर आणि बिलिरुबिन दुपटीच्या वर गेलं, तर अशा १० जणांमागे जवळपास एक जण दगावतो किंवा त्याला यकृतरोपण लागतं. प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणीही करायला सांगा. गुंगी, बोलण्यात गोंधळ, हिरड्यांतून रक्त यांतलं काही दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा. तोवर दारू नको, पॅरासिटामॉल स्वतःच्या मनाने नको.

बंद केल्यावर बहुतेक जण काही आठवड्यांत ते महिन्यांत बरे होतात. मला साडेतीन महिने लागले. बरं वाटलं म्हणून तीच कॅप्सूल परत सुरू करू नका. दुसऱ्यांदा इजा लवकर होते आणि जास्त होऊ शकते.

बाटली फेकू नका. डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या, लेबलचा आणि बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा. रिपोर्ट आला की इथे कळवा, बिलिरुबिनचा आकडा नक्की लिहा.