नॉट्र डेम विद्यापीठ चर्चच्या पैशावर उभं राहिलं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: अमेरिकेतलं नॉट्र डेम हे खाजगी कॅथलिक विद्यापीठ जंगलात सुरू होऊन एवढं मोठं कसं झालं, आणि त्यामागे व्हॅटिकनचा पैसा होता का. दुसऱ्याचं उत्तर आधी. नव्हता. जमीन बिशपांनी दिली, फ्रान्समधल्या मिशन-निधीतून थोडीफार मदत यायची. बाकी जमवाजमव होली क्रॉस या धर्मसंघाने स्वतःच केली.

नोव्हेंबर 1842 मध्ये या संघाचे 28 वर्षांचे फ्रेंच धर्मगुरू एडवर्ड सोरिन काही ब्रदरना (संघातले, पण धर्मगुरू नसलेले सदस्य) घेऊन इंडियाना राज्यात साउथ बेंडजवळच्या तळ्यांकाठी पोचले. व्हिन्सेन्सच्या बिशपांनी 524 एकर जमीन देऊ केली होती, पण दोन वर्षांत कॉलेज उभं करण्याच्या अटीवर. 15 जानेवारी 1844 ला राज्याच्या विधिमंडळाने सनद दिली. इथेच वाचणाऱ्यांचा गोंधळ होतो. सनद विद्यापीठाची असली तरी जागेवर होती लहान मुलांची शाळा, बोर्डिंग आणि हातकाम शिकवणारी हुन्नरशाळा. पहिल्या पदव्या दिल्या गेल्या त्या थेट 1849 मध्ये. रोकडीची चणचण कायमची, त्यामुळे फीच्या बदल्यात गुरंढोरंही चालत. 1850 मध्ये सोरिन यांनी काही ब्रदरना कॅलिफोर्नियात सोनं शोधायलासुद्धा धाडलं. हाती काही लागलं नाही.

बांधकामाचं साहित्य मात्र जागेवरच मिळालं. तळ्यांमध्ये मार्ल म्हणतात ती चुनखडीयुक्त माती होती. तिच्यापासून चुना निघायचा आणि विटाही पडायच्या, फिक्या पिवळ्या. आवारातल्या जुन्या इमारतींचा रंग त्या मातीचा आहे, हौसेचा नाही.

23 एप्रिल 1879 ला मुख्य इमारत जळाली. छपराची दुरुस्ती चालू होती, आग वरच लागली. वर्ग, ग्रंथालय, राहण्याच्या खोल्या असं जवळपास सगळंच एका छताखाली असल्याने काही तासांत होत्याचं नव्हतं झालं. विमा नुकसानीच्या मानाने थोडा. अध्यक्ष फादर कॉर्बी यांनी मुलांना घरी पाठवलं, सप्टेंबरात परत या म्हणून सांगितलं, आणि तोवर नवी इमारत खरोखरच वापरण्याजोगी झाली. सोनेरी घुमट नंतरचा.

अमेरिकन फुटबॉलला लोक जरा जास्तच श्रेय देतात. नूट रॉकनी प्रशिक्षक असताना (1918 ते 1930) नाव देशभर झालं आणि स्टेडियम सामन्यांच्या कमाईतून उभं राहिलं, हे खरं. पण त्याच सुमाराला अध्यक्ष फादर जेम्स बर्न्स यांनी केलेलं काम माझ्या मते जास्त मोलाचं. त्यांनी हक्काचं उत्पन्न देणारी शालेय शाखा बंद करायला घेतली. रॉकफेलरच्या शिक्षण मंडळाने अडीच लाख डॉलर देऊ केले होते, पण विद्यापीठाने स्वतः साडेसात लाख उभे केले तरच. देणगीदारांना हिशेब दिसावा म्हणून 1920 मध्ये बाहेरच्या उद्योजकांचं विश्वस्त मंडळ नेमलं आणि कायमनिधी (मूळ रक्कम गुंतवून तिच्या उत्पन्नावर चालायचा निधी) त्यांच्या देखरेखीखाली ठेवला. संघातले लोक पगार घेत नसत, त्यामुळे तोवर खर्च भागत होता. पण संशोधन आणि बाहेरचे प्राध्यापक हवेत तर कायमनिधीला पर्याय नव्हता.

खरी उडी फादर थिओडोर हेस्बर्ग यांच्या काळात, म्हणजे 1952 ते 1987 मध्ये. वार्षिक खर्च सुमारे 97 लाख डॉलरवरून 17 कोटी 66 लाखांवर गेला आणि विद्यार्थी जवळपास दुप्पट झाले. मुलींना पदवीला प्रवेश 1972 पासून. मात्र सर्वांत दूरगामी निर्णय 1967 चा: संघाने आपल्या ताब्यातलं विद्यापीठ मंडळाच्या हवाली केलं. वर 12 फेलो, म्हणजे सर्वोच्च गटाचे सदस्य, त्यांत 6 धर्मगुरू आणि 6 गृहस्थ, म्हणजे धर्मगुरू नसलेले लोक. खाली गृहस्थांचं बहुमत असलेलं विश्वस्त मंडळ. जेझुइट या दुसऱ्या कॅथलिक धर्मसंघाच्या सेंट लुइस विद्यापीठानेही त्याच वर्षी असाच बदल केला. तो काळ लक्षात घ्या. 1966 मध्येच मेरीलँडच्या न्यायालयाने चर्चशी बांधलेल्या तीन कॉलेजांना सरकारी अनुदान नाकारलं होतं, आणि या संस्थांना ती टांगती तलवार वाटणं साहजिक होतं.

अध्यक्ष आजही होली क्रॉसचाच धर्मगुरू असतो, पण स्थानिक बिशपांचा शब्द अंतिम नाही. 2009 मध्ये पदवीदान समारंभाला गर्भपाताच्या हक्काचे समर्थक राष्ट्राध्यक्ष ओबामांना बोलावलं, तेव्हा बिशप निषेध म्हणून आले नाहीत. समारंभ ठरल्याप्रमाणे झाला.